भरल्या मानेची करडं

३ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

लग्न होऊन मी या घरी आले, त्याच आठवड्यात तुमचे बाबा गोठ्यात मला म्हणाले होते, की काय खावं हे जनावराला कळतं, शिकवावं लागतं ते माणसाला. ते वाक्य मी मनाशी धरून राहिले. म्हणून शेळ्या कोबीच्या पाल्यावर तुटून पडायच्या तेव्हा मी हात आखडला नाही. कोबीचा पाला आणि तेलघाण्यातली मोहरीची पेंड मिसळून तुमच्या भावाने खाद्य बनवलंय. सगळं झाडाचं, रसायन कसलं नाही, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मागच्या वर्षी करडं भरल्या मानेची निघाली, तेव्हा दूध अंगी लागलं म्हणून हे खूश. त्यातल्याच दोन माद्या समोरच्या शिंपीणबाईंना निवडून दिल्या. त्या खाद्यही आमचंच नेतात. यंदा मात्र करडं मेलेली जन्मतायत. अंगावर केस नाहीत, गळ्याशी लिंबाएवढी गाठ. हे म्हणतात, थंडी बाधली. तुम्ही दिवसभर मेलेल्या जनावरांचे तुकडे काचेखाली बघत बसता म्हणून आम्ही तुमची चेष्टा करतो, पण आता तुमचीच आठवण झाली. यांना न विचारता एक गाठ बरणीत घालून बसच्या कंडक्टरजवळ देतेय. रागावू नका, माया असू द्या.

तुमची भावजय


१० फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईंस अनेक आशीर्वाद.

बरणी नीट पोचली. आत मध आहे का, असं कंडक्टरने मोठ्या आशेने विचारलं. खरं सांगितलं तसे त्याने पँटला हात पुसले.

गाठ थायरॉइडची आहे. एरवी ही ग्रंथी एखाद्या शेंगेतल्या दाण्याएवढी असते. थंडीचा काही संबंध नाही. मोहरी आणि कोबी एकाच कुळातल्या. त्यांच्यात अशी द्रव्यं असतात, की जनावराने चावली की ग्रंथीचं काम अडायला लागतं. मग काम पुरं पडावं म्हणून ती बिचारी स्वतःच वाढत सुटते. काचेखाली नुसती पेशींची दाटी दिसली, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा तो रस जवळपास नाहीच. शेळी वरून धडधाकट दिसते, सोसतं ते पोटातलं पिल्लू. अधूनमधून थोडं चालतं. गाभण शेळीला रोज पोटभर नाही.

मागच्या वर्षीच्या त्या भरल्या माना दुधाने भरल्या नव्हत्या गं.

खाद्य आजच बंद करा, आणि आयोडीन किती द्यायचं ते तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. शिंपीणबाईंच्या शेळ्या गाभण असतील तर त्यांनाही लगेच सांगा, अजून वेळ गेलेली नसेल. आमच्या शहाण्याला हे पत्र दाखव. चिडेल. चिडू दे. तुझ्यावर लोभ आहेच, तू तो ठेव.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

माझ्या प्रत्येक गोष्टीची चिरफाड करायची तुझी हौस लहानपणापासूनची. कोंबड्या गेल्या, मधमाश्या उडाल्या, तू हसलीस, मी हसू दिलं. आत्ता कुठे चार माणसं दारात येऊन मला काही विचारून जातात. कोबी तूही खातेस, तुझी मान सुजली का? शिंपीणबाईला उगाच घाबरवू नकोस, आणि माझ्या बायकोला बरण्या भरायला लावू नकोस. राग नाही. माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या गव्हाणीत नुसतं वाळलेलं गवत आहे. डॉक्टर येऊन गेले. हे एकेका शेळीला गुडघ्यात धरून औषध पाजतात. काल जन्मलेलं करडू लटपटत का होईना, उभं राहिलं. म्हणजे यांना पटलंय, ताई. आणि तरी शिंपीणबाई आल्या तेव्हा त्या खाद्याचं उरलेलं पोतं यांनी स्वतः उचलून त्यांच्या सायकलला बांधून दिलं. मी दारातून बघत होते. नंतर विचारलं, तर म्हणाले, आता कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्हाला निवडून निवडून आजारीच दिल्या?

त्यांच्या दोन्ही शेळ्या पुढच्या महिन्यात व्यायच्या आहेत. मी सांगायला गेले होते. त्या मशीनवर होत्या. पाय थांबवून म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने मला हाताला धरून उभं केलं गं. मी त्यांच्या कपड्यांचे लोंबते दोरे कापत बसले आणि तशीच परत आले. बोलले तर यांच्या दारात पुन्हा कुणी येणार नाही. मधमाश्या गेल्या तेव्हा हे महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, ते मला पुन्हा बघवणार नाही. न बोलले तर काय जन्माला येईल, ते तुम्ही पाहिलंच आहे.

म्हणून मागतेय. तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर शिंपीणबाईंना दोन ओळी लिहा, की या बाजूला शेळ्यांत साथ आहे, गाभण शेळ्यांना पेंड आणि पाला देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. यांचा उल्लेख नको, खरं कारण नको. जे तुम्हाला काचेखाली दिसलं नाही त्यावर तुम्ही सही करत नाही, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणाल हे धरूनच लिहितेय. यानंतर माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल. पण ते पत्र पाठवा, ताई.

तुमची भावजय