रिकामा सापळा

रविवार, ८ जून

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त.

मादी पतंगाचा नकली वास भरलेल्या तुझ्या नळ्या पाइनच्या झाडांना बांधून झाल्या. शिडीवर चढलो आम्ही, आणि साहेब म्हणतात, "तुमच्या भावाचं डोकं म्हणजे डोकं!" उंटावरून शेळ्या हाकायला डोकं लागतंच म्हणा. मी इतकी वर्षं अळीवर फवारणी केली, तेव्हा कुणाला माझा पंपाखालचा खांदासुद्धा दिसला नाही.

खरं सांगतो, पोटात दुखतंच. म्हणून परवा त्याच वासाचं आमिष लावलेला तपासणीचा सापळा उघडला आणि आत एकही पतंग नाही म्हटल्यावर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो तसाच उचलून ऑफिसात नेला आणि साहेबांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "बघा शहाण्याचं औषध! एक पतंग धरता आला नाही."

तर सुट्टीत मदतीला येणारी माझीच लेक सगळ्यांसमोर म्हणते, "अहो बाबा, रिकामा आहे म्हणजेच काम झालंय! सगळीकडे मादीचा वास भरलाय. नराला ना सापळा सापडत, ना खरी मादी. मग अंडी कुठून येणार नि अळ्या कुठून? काकांनी मला फोनवर समजावलंय."

साहेब हसले. माझी फवारणीची माणसंही हसली. त्याचं काही नाही रे. पण 'काकांनी' म्हणताना पोरीचा चेहरा असा काही फुलला की मला मिरच्या झोंबल्या.

तेव्हापासून घरात उठता बसता काका. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे राहून हेच शिकायचं म्हणून ती तुला विचारणार आहे. मला विचारलं तेव्हा मी "जा की" म्हणून बसलो. तिच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. तू नाही म्हण. जागा नाही म्हण, वेळ नाही म्हण, काहीही सांग. ती हुशार आहे, शिकेल, आणि सुट्टीला घरी येईल ती तुझी होऊन येईल.

लहानपणापासून सगळं कौतुक तुझ्या वाट्याला गेलं, मी चकार शब्द काढला नाही. ही एक मला राहू दे.

एकदा तरी ती तुझ्यावर रुसू दे, आणि रडायला माझ्याकडे येऊ दे.

तुझा दादा,
पण आधी तिचा बाप