एकशे आठ स्तूपांची भिंत

बाबा, मागच्या उन्हाळ्यात मी मंगोलियाला जाऊन आलो. ज्या मठाचं चित्र तुम्ही जन्मभर जवळ बाळगलंत तो मठ मी पाहिला, आणि तो तुम्हाला कधी पाहता येऊ नये याची व्यवस्था मीच केली होती, हे आधीच लिहून टाकतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इथं अमेरिकेत, नोव्हायच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण तुमच्या नातीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. कागद इथंच पडून राहिला तरी चिंता नाही.

ते चित्र म्हणजे एक पोस्टकार्ड. तुम्ही सतरा वर्षांचे असताना नागपूरला दीक्षाभूमीवर एक मंगोलियन भिक्खू आले होते, त्यांनी दिलेलं. लांबच लांब पांढरी भिंत, तिच्यावर ओळीनं पांढरे स्तूप. कम्युनिस्ट सरकारनं आमच्याकडचे मठ पाडले, भिक्खूंना गोळ्या घातल्या, त्यातून हा एर्देने झू थोडाफार उरला, असं ते म्हणाले होते. शाळेत इतिहास शिकवताना तुम्ही ते कार्ड बाकाबाकांवरून फिरवायचात. मी तुमच्याच वर्गात होतो, माझ्याही हातात ते आलं होतं. आणि त्याच वर्गात, नववीच्या वार्षिक परीक्षेत, माझ्या बाहीतली चिठ्ठी तुम्हीच बाहेर काढलीत. दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. तुम्ही ती हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलीत आणि माझं वर्ष गेलं. घरी आई रडत होती, तुम्ही जेवत होतात. "बुद्धाचं नाव घेणाऱ्याच्या घरात खोटं चालत नाही," एवढंच म्हणालात आणि अजून वरण मागितलंत.

तेही मी विसरलो असतो. पण आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, आणि एका शनिवारी ऑफिसातली मंडळी जेवायला आली. माझा जुना मॅनेजर शॉमबर्गहून बायकोला घेऊन आला होता. तुमची आणि माझी मंगोलियाची तिकिटं तेव्हा काढून झाली होती, तीन आठवड्यांवर प्रवास होता, आणि तुम्ही सगळ्यांना ते पोस्टकार्ड दाखवत होतात. मॅनेजर म्हणाला, "काका, यार, किती लकी आहात. असा मुलगा कुणाला मिळतो?" तुम्ही म्हणालात, "हा? हा नववीत कॉपी करताना सापडला होता. मीच पकडला." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. ती तुमच्या दृष्टीनं माहिती होती. तुमची सून घाईघाईनं ताटं उचलायला लागली, आणि मी गुलाबजामचा वाडगा हातात घेऊन उभा राहिलो, पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

मंगळवारी प्रवासाआधीच्या तपासणीसाठी मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. शाळेला सुट्टी होती म्हणून नात सोबत होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. नऊ वर्षांची. डॉक्टरनं ईसीजी पाहिला, छाती ऐकली आणि भराभर बोलला, "ही'ज गुड टू गो. टेल हिम टू वेअर अ हॅट." तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय म्हणून राहिले डॉक्टर?" मी म्हणालो, "हार्ट वीक झालंय, बाबा. इतका प्रवास झेपणार नाही. कॅन्सल करावं लागेल." तुम्ही शर्टाची बटणं लावत होतात. शेवटचं बटण लावलंत आणि म्हणालात, "बरं. राहू दे मग."

मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. नाही वाटलं. तुमच्या सुनेनं त्या दिवसापासून तुमची भाजी अळणी केली. संध्याकाळचं फिरणं तुम्ही बंद केलंत. कधीकधी खिडकीशी बसून मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजताना दिसायचात, आणि मी बाजूनं कॉफी घेऊन जायचो. दोन वर्षांनी न्यूमोनियानं गेलात. तोवर तुमच्या हृदयाला काहीही झालं नव्हतं.

तुमची नात आता ॲन आर्बरला विद्यापीठात शिकते. मंगोलियाला जाऊ या हा हट्ट तिचा. उलानबातरला मोठ्या मठात आम्ही तो उंचच उंच उभा अवलोकितेश्वर पाहिला, मग दिवसभर गवताळ माळातून गाडी. वाटेत दगडांच्या एका ढिगाशी ड्रायव्हर थांबला. निळे रेशमी पट्टे बांधलेली ती त्यांची पूजेची जागा. त्यानं तीन फेऱ्या घालून दगड ठेवला, आम्हीही ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची ती भिंत. आत बहुतेक देवळं गेलेली, नुसतं गवत. एका देवळात चार भिक्खू पठण करत होते. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आय वॉज इन द रूम."

"कुठल्या रूममध्ये?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"डॉक्टर सेड ही वॉज फाइन. घरी आल्यावर मी आजोबांना सांगितलं होतं."

"मग?"

"त्यांना ऑलरेडी माहीत होतं. मला म्हणाले, तुझ्या बाबाला माझ्यासोबत यायचं नाही. त्याचं बरोबर आहे. त्याला काही बोलू नको."

म्हणजे तुम्हाला तिथंच कळलं होतं. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस, तेवढं इंग्रजी तुम्हाला कळणारच होतं; मला विचारलंत ते मी काय सांगतो ते पाहायला. तरी दोन वर्षं अळणी खाल्लंत, माझ्यासमोर नाडी मोजलीत. बाबा, लोक म्हणतील ही माया. असेल. मला राग आला. आयुष्यात तुमच्यापासून लपवलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती, तीही तुम्ही पहिल्याच मिनिटाला तपासून बाजूला ठेवली होती. चिठ्ठीच्या वेळी गप्प बसला असतात तर? तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हा गरज होती.

"आर यू ओके?" तिनं विचारलं. हो म्हणालो. ती दिवा लावायला पुन्हा आत गेली. मी भिंतीच्या बाहेरच्या अंगानं चालत निघालो. ऊन होतं, थंड वारा होता, लांबवर घोडे चरत होते. पूर्ण फेरी मारली, घाई न करता. कोणत्या राजानं बांधलं, कधी पाडलं, कुणी विचारलं नाही, कुणी माझी चूक काढली नाही. मला तिथं फार बरं वाटलं, बाबा. तुम्ही सोबत नव्हतात म्हणून.