कंसातला नव्वद

प्रिय धाकट्या,

फोनवर मला रडू आवरत नाही, म्हणून लिहितेय.

आईचं ऑक्सिजनचं यंत्र तुला ठाऊक आहे. त्याचं सॉफ्टवेअर आमच्याच टीमचं. रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की ते किंचाळतं. आईचा हल्ली सत्त्याऐंशीच्या वर जातच नाही. तिच्या फुफ्फुसांना तेवढंच झेपतं. डॉक्टर म्हणाले, यंत्राची मर्यादा खाली आणा. तोवर यंत्र दिवसभर बोंबलतं, आई दचकते, आणि दचकली की दम आणखी लागतो.

मला वाटलं, आपल्याच हातचं काम. पण ती मर्यादा कोडमध्ये अ‍ॅट्रिब्यूटच्या, म्हणजे कोडला जोडलेल्या चिठ्ठीच्या, कंसात लिहिलेली, आणि तिथे प्रोग्राम कंपाइल होतानाच, म्हणजे यंत्रात जायच्या आधीच, ठरलेला आकडा लागतो. ‘या पेशंटची मर्यादा’ असं लिहिलं की कंपायलर अडून बसतो, कारण पेशंट कोण ते यंत्र सुरू झाल्यावर कळणार! नाना खटपटी केल्या. शेवटी ती तपासणी कंसातून काढून चालत्या प्रोग्राममध्ये नेली. माझ्या टेबलावरच्या यंत्रात ती बिनचूक चालली. पण साहेब म्हणाले, “काम चोख आहे गं, पण चाचण्या आणि मंजुरीशिवाय घरोघरच्या यंत्रांत नाही घालता येणार.” म्हणजे कित्येक महिने. मी भांडले, हात जोडले. त्यांचंही खोटं नाही रे, किती जणांचा श्वास त्यावर चालतो. मर्यादा बदलता येणारं दुसरं यंत्र मागितलंय, शिल्लक नाही.

परवा घरी आले तर घर चिडीचूप. बाबांनी आवाजच बंद केला होता. “तिला जरा डोळा लागू दे,” म्हणाले. तिचा हात हातात घेऊन बसले होते. नाकातली नळी निसटून उशीखाली गेलेली आणि आईचे ओठ निळे. मोतीबिंदूमुळे बाबांना रंग धड कळत नाहीत, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी नळी लावली. आई शुद्धीवर आली.

आवाज चालू ठेवला तर ती झोपत नाही, बंद ठेवला तर कुणीतरी सतत तिच्याकडे बघत बसायला हवं. माझी रजा संपली. मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?

ज्या माणसाने तुला ‘पुन्हा उंबरा चढू नकोस’ म्हटलं, तोच आज सकाळी माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, “त्याला लिही, मला दिसत नाही. ये म्हणावं.”

तुझीच,
ताई