आंबील आंबेपर्यंत

९ डिसेंबर, सोमवार
म.चं वजन ४०.६. मागच्या खेपेला ४२ होतं. डॉक्टर म्हणाले, "एकतीसला या. चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल." म. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "नळी मी घालून घेणार न्हाई. लिहून ठेवा."
लिहून ठेवलं.
घशाचं रेडिएशन संपून सात आठवडे झाले. गाठ गेली म्हणतात. गाठीबरोबर महानंदाच्या तोंडाची चवही गेली. सगळं खडूसारखं लागतं म्हणते. बावीस वर्षं शाळेत शिकवते, तिला माहीत असणार.

१० डिसें.
डब्यातली खिचडी. चार चमचे. "छान आहे." वाटी सरकवली. "साकु." म्हणजे पुरे. माहेर मैंदर्गीचं. अंगात त्राण नसलं की कन्नडच निघतं.
ही बाई आयुष्यात कशाला छान म्हणाली नव्हती. नवी नवरी असताना माझ्या काकूच्या पुरणाला नावं ठेवली होती, तीही काकूसमोर.
दहा वर्षं आमचं घर डब्यावर आणि विकतच्या कडक भाकरीवर चाललंय. तिची शाळा, शिकवण्या. माझा चादरीच्या कारखान्यातला डिस्पॅच. आईचं दगडी उखळ गॅलरीत आहे, त्यात तुळस लावलीय.

११ डिसें.
रजा मागितली. मालक म्हणाले, "ऐन डिसेंबरात? लग्नसराईचा माल कोण पाठवणार?" मनात म्हटलं, तुम्ही. तोंडाने म्हटलं, अर्धा दिवस तरी. अर्धा दिला.

१३ डिसें., शुक्र.
तुळस कुंडीत हलवली. उखळ तीनदा धुतलं. मंद्रूपहून वहिनीने खपली गहू पाठवलेला. हुग्गी करायची, गव्हाची खीर. ती फोनवरून शिकवत होती, "भावजी, पाण्याचा हबका मारा आन् मुसळ हळू चालवा. गहू फुटायचा न्हाई, नुसती साल सुटली पायजे."
दीड तास कांडलं. पाखडलं, निम्मं माझ्या डोक्यावर. मंद गॅसवर ठेवलं. कारखान्यातून फोनावर फोन. शेवटी फोन ज्वारीच्या डब्यात पुरला. गूळ पडला आणि घरभर वास सुटला, आई असतानाचा. ढवळत उभा राहिलो. किती वेळ, देव जाणे. कित्येक वर्षांत एका जागी एवढा वेळ उभा राहिलो नसेन.
मागे म. भिंतीला धरून उभी. "मजा येतीय तुमाला." तेव्हा कळलं, मी गुणगुणत होतो.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको उपाशी, आणि हा गाणं म्हणतोय.
तिने दोन चमचे खाल्ले. छान. साकु. उरलेली सगळी मी. अन्न टाकवत नाही.

१७ डिसें.
भाकरी. पहिली तुटली, दुसरी तुटली, तिसरीचा भारताचा नकाशा. आतून आवाज, "पीठ मळा. अजून मळा. हात भरून येईस्तवर." सगळ्या आजारात हा एकच आवाज जुना. म्हणून मुद्दाम कमी मळतो.
दुधात कुस्करून दिली. चतकोर. छान.

२० डिसें., शुक्र.
ज्वारी दळायला गेलो, ती पण हट्टाने आली. गिरणीत मोठा काटा आहे. शालीसकट ३९.९.
मग मी उभा राहिलो. ७३. दिवाळीत ७१ होतो. गिरणीवाला म्हणाला, "भाऊ, तब्येत झ्याक सुदारली की तुमची!"
म. हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी पोत्यांमागे जाऊन नाक शिंकरून आलो. दोघांचं मिळून वजन तेवढंच आहे, फक्त तिच्याकडून माझ्याकडे येतंय.

२४ डिसें.
वहिनीचा फोन. "येळवस आली की. आंबील करून द्या तिला. गार, पातळ, चावायचं काम न्हाई." एवढं साधं सुचलं नव्हतं. पूर्वी म. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, ज्यात आंबील करायची ते मडकं माळ्यावरून काढलं. धुळीने भरलेलं. लिक्विड साबण घालून चकचकीत घासलं. ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवलं.

२५ डिसें.
आंबील शिजवली, निववली. पेला दिला. तीन घोट घेतले. "छान झालंय."
मग मी प्यालो.
साबण. चक्क साबण. मडकं कालभर साबण पीत बसलं असणार. जीभ चरचरली.
विचारलं, "वेगळं काही लागलं का?" "न्हाई की. छान झालंय."
म्हणजे हुग्गी छान, भाकरी छान, खिचडी छान, सगळं हेच. मी कुणासाठी कांडत होतो? मोरीत नळ सोडून बसलो. मला भीती वाटते. ही जाईल. घरात मी, उखळ आणि...

२६ डिसें.
काही केलं नाही. डाळीचं पाणी, तेही कुकरचं. न राहवून साबणाचं सांगितलं.
"म्हंजे मी साबण प्याले?"
"तीन घोट."
"आतून तरी स्वच्छ झाले."
मला हसू येईना. म्हटलं, मग छान का म्हणतेस? तर म्हणाली, "तुमी दोन-दोन तास उभं राहता. मग काय म्हणू? थू म्हणू?"
"हो. म्हण."
"बरं."
हात धरून बसलो. हात नुसता काड्यांचा.

२८ डिसें., शनि.
नवी पेठेतून येताना कुंभारणीकडून नवं मडकं घेतलं. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "साबण लावू नका साहेब, नुसतं गरम पानी." तोंडावर लिहिलंय की काय माझ्या.

२९ डिसें., रवि.
काल मडकं दिवसभर पाण्यात ठेवलं. पीठ आज सकाळी भिजवलं. फार थंडी. म. दोन वेळा उठून मडक्यात डोकावली. घरच्या काट्यावर चढायला तयार नाही. मीही आग्रह केला नाही.

३० डिसें., सोम. वेळ अमावास्या
पहाटे आंबील शिजवली. रिक्षाने मंद्रूप, भावाच्या शेतावर. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. वहिनीची मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. भाऊ शेताभोवती आंबील शिंपडत गेला. म. शाल लपेटून कोपीच्या सावलीत.
माझ्या मडक्यातला पेला तिला दिला. एक घोट. तोंड वाकडं.
"ह्याला आंबील म्हंत्यात व्हय? आंबटच न्हाई! थंडीत दोन दिवस ठेवावं लागतंय. एका दिसात कुटं आंबतंय?"
सगळ्यांसमोर. काकूच्या पुरणावेळी काढला होता तोच सूर.
मी चाखलं. खरंच आंबट नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. बायको चारचौघांत झाडतेय आणि हा दात काढतोय.
तिच्या जिभेला कळलं, की काल सकाळी भिजवलेलं पाहिलं म्हणून अंदाजाने बोलली? विचारलं नाही. विचारणारही नाही. अर्धा पेला प्याली. साकु म्हणाली नाही, नुसता पेला खाली ठेवला.
घरी आल्यावर पुन्हा पीठ भिजवलं. खाटेवरून आवाज, "झाकण घट्ट लावू नका. आन् दोन दिवस हात लावायचा न्हाई."
हात लावत नाही. आंबील परवा. वजन उद्या.