दर्भाचा कावळा

घाटकोपर,
दिवाळीनंतरचा रविवार, १९५६

प्रिय श्याम,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र खिशात घालशील आणि उघडायचं टाळत राहशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पोस्टात न टाकता धोंडूकाकांच्या हाती देतेय. ते भातकापणीला गावी चाललेत. त्यांना बजावून ठेवलंय, श्यामला समोर बसवून वाचायला लावा, तोवर त्याच्या घरचा चहासुद्धा घेऊ नका. सख्खे चुलते असले तरी काका हल्ली मला भितात. भिऊ देत. या घरात आजवर आम्हीच सगळ्यांना भीत आलो.

यंदा अंत्याच्या दुखवट्याचं वर्ष, म्हणून आमच्याकडे कढई चढली नाही. पण चाळीने एवढा फराळ आणून दिला की डबे पुरेनात. तुझी आई, आमची शेजारची प्रेमामावशी, करंज्या घेऊन आली. दारात उभी राहिली आणि करंज्या द्यायचं विसरून रडायलाच लागली. तेव्हा तिच्याकडून सगळं कळलं. ऑगस्टमध्ये तुला 'प्रकृतीने नालायक' म्हणून फौजेतून काढलं. तू बोरीबंदरला उतरलास आणि घाटकोपरला तोंड न दाखवता परस्पर एस.टी.ने गाव गाठलंस. तिथे तू झोपेत ओरडतोस म्हणे. विहिरीकडे फिरकत नाहीस, पाणी भरायला चुलतबहिणीला पाठवतोस. मावशीला वाटतं, कोणाची तरी नजर लागली. पवईच्या तलावात उलट्या उड्या मारणारा आमचा श्याम आता तांब्याभर पाण्याने आंघोळ उरकतो, हे ऐकून मला काय वाटलं ते पुढे लिहिते.

आपल्या अंत्याचं नवसाचं प्रकरण तुला नव्याने सांगायला नको. तरी सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतंय. तो पोटात असताना आईचे दोन्ही भाऊ मचव्यासकट समुद्रात बुडाले. तेव्हा आईने सातेरीला नवस बोलला, मुलगा झाला तर त्याचं लग्न होऊन जोडप्याने देवीच्या तळीत बुडी मारेपर्यंत त्याच्या गुडघ्यावर पाणी चढू देणार नाही. आणि तो गाढव खरोखर तसा वागला. आपण त्याला 'सुका बोंबील' म्हणायचो, तरी वागला. पावसात गल्लीत पाणी तुंबलं की तू त्याला पाठुंगळी मारून रस्त्यापर्यंत न्यायचास. मिशा फुटलेला बाप्या, वर बसून तुलाच हुकूम सोडायचा, नीट चाल रे मेल्या, माझी विजार भिजतेय! गणपतीला मूर्ती खाडीच्या काठापर्यंत त्याच्या डोक्यावर. तिथे तो थांबायचा. तू पुढे कमरेएवढ्या पाण्यात जाऊन हात लांब करायचास आणि पोरं हातोहात मूर्ती तुझ्याकडे द्यायची. बाप्पा बुडेपर्यंत हा काठावरून सगळ्यात मोठ्याने ओरडायचा.

तुम्ही दोघे मिळून भरतीला गेलात तेव्हा अंत्याचं तिथल्या साहेबालाही नवल वाटलं होतं. कोकणातला पोरगा, आणि आरमार सोडून पायदळ मागतो? अंत्या घरी येऊन म्हणाला, पायदळच बरं, तिथे चिखल असेल पण पाणी नसेल. आणि त्याच दिवशी गॅलरीत तुला म्हणाला, आधी तुझं नि कुंदीचं लागू दे, मग माझं, मग ती बुडी एकदाची मारली की तू मला पोहायला शिकव. मी आत स्टोव्हला पिन मारत होते. मी ऐकलं होतं, श्याम. तू काय उत्तर दिलंस तेही ऐकलं होतं.

मग मे महिन्यात तुमच्या ट्रेनिंग सेंटरातून तार आली, पोहताना बुडून मृत्यू. मागाहून कळवलं, उन्हाळा कडक म्हणून अंत्यसंस्कार तिथेच उरकले. त्याची ट्रंक आली, तिच्यात कपडे घडी घालून ठेवलेले. अंत्याने घरात कधी रुमालाची घडी घातली नव्हती. आईने त्या घड्या अजून मोडल्या नाहीत.

दहाव्याला मिठागरांच्या पलीकडे, खाडीवर गेलो. बायका जात नाहीत, आई गेली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. बाबा नाहीत, म्हणून क्रिया धोंडूकाकांनी केली. पिंड ठेवला. तिवरावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. काका हात जोडून म्हणाले, कुंदाचं लग्न मी करून देईन. नाही. वहिनीला अंतर देणार नाही. नाही. ऊन चढायला लागलं, काकांना कचेरी गाठायची होती. शेवटी भटजींनी रिवाजाप्रमाणे दर्भाचा कावळा वळला. खरा शिवत नाही तेव्हा गवताचा करायचा, आपणच तो पिंडाला लावायचा, की झाले सगळे मोकळे. आईने तो भटजींच्या हातून काढून घेतला आणि खाडीत फेकला. म्हणाली, ''ह्यो कावळो तुमीच केलास, तुमीच शिवतलास. माका नको. माझ्या झिलाक पाण्यात कोणी घातल्यान, ता पयलां सांगा.'' आणि चालायला लागली. पिंड तसाच राहिला. चाळीतल्या बायका महिनाभर कुजबुजत होत्या, जानकीबाईने पोराचा आत्मा अडकवून ठेवला. ठेवला तर ठेवला. त्यालाही खरं कळायला हवंच आहे की.

जुलैत आम्ही मायलेकी शहरातल्या एका लष्करी कचेरीत गेलो. साहेब माणूस सभ्य होता, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाला, चौकशी झालेली आहे, कोणाचाही दोष नाही. मी विचारलं, कोणी केली? सेंटरच्याच अधिकाऱ्यांनी. कोणाची केली? सेंटरच्याच अधिकाऱ्यांची. मला भर कचेरीत हसू फुटलं रे. साहेबाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी आईला एवढंच म्हटलं, आई, दर्भाचा कावळा. तिला बरोबर कळलं.

मग त्याने आमची समजूत पटावी म्हणून तुझी जबानी वाचून दाखवली. होती हिंदीत, पण अर्थ माझ्या कानात कोरल्यासारखा बसलाय. 'अनंतला पाण्याची भारी हौस होती. दर वर्षी गणपतीला खाडीत तो सगळ्यांच्या पुढे उतरायचा. त्या दिवशीही हसत हसत उतरला.' खाली सही, तुझी. आई म्हणाली, श्याम असां म्हणूचो नाय. मी मात्र त्या दिवशी तुला ज्या शिव्या घातल्या त्या कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत. पुढे दोन महिने तुझ्या घरावरून जाताना मान वळवून जायचे. ज्याच्या पाठीवर तो वाढला, त्यानेच अशी सही करावी?

मग अनंतचतुर्दशी आली, त्याचा वाढदिवस. चाळीचा गणपती खाडीवर गेला. काठाशी आल्यावर सगळी मिरवणूक आपसूक थांबली. तिथे अंत्या थांबायचा ना, म्हणून सगळ्यांचे पाय थांबले. मूर्ती डोक्यावर घेतलेला चाळीतल्या अण्णांचा सदासुद्धा थांबला, नि मग पुढे कोणी जायचं ते कोणालाच सुचेना. मी काठावर उभी होते, आणि उभ्या उभ्या माझ्या टाळक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या साहेबांनी तुला गणपती विचारला होता का? कुठे ते सेंटर आणि कुठे घाटकोपरची खाडी! 'तो पोहायला गेला' एवढ्यावर त्यांचं काम भागत होतं. गणपती तू घातलास. अख्ख्या चाळीला जी गोष्ट धडधडीत खोटी म्हणून ठाऊक, नेमकी तीच घातलीस. मान पकडून सही घेत होते तुझी, आणि तू त्यांच्याच कागदावरून आम्हाला हाक मारलीस, की यातलं काही खरं धरू नका.

हा माझा अंदाज. चुकला असेल तर तोंडावर सांग. पण विहिरीचं ऐकल्यापासून मला वाटत नाही तो चुकला असं. अंत्या आपणहून पाण्यात उतरला नाही, त्याला उतरवलं. बहुतेक तो नाही म्हणाला म्हणूनच उतरवलं. आणि त्या दिवशी तो पाण्यात होता आणि तू काठावर. तुला जाऊ दिलं नाही. तू सुटायला किती धडपडला असशील, ते मला कोणी सांगायला नको. तुझ्यावरचा राग चतुर्दशीला खाडीवरच गेला. आता राग आहे तो ज्याने हुकूम सोडला त्याच्यावर, आणि तो मी मरेपर्यंत जपणार आहे.

आपण एकटे नाही, श्याम. त्याच उन्हाळ्यात त्याच सेंटरात खानदेशचा माणिक गेला, म्हणे विहिरीत पाय घसरून. त्याआधी एक सातारकडचा गेला, म्हणे ऊन लागून. माणिकचे वडील आमच्याकडे येऊन राहिले होते. भला माणूस. तेही पोचायच्या आत सेंटरवाले माणिकला जाळून मोकळे झाले होते. तिन्ही घरांचा मिळून अर्ज केलाय. विक्रोळीला आमच्या कारखान्याच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी तो टाइप केला. बडेबाबू म्हणाले, कंपनीचं मशीन आहे. मी म्हटलं, शाईची फीत माझी आहे, आणि टाइप करत राहिले. मागणी एकच. चौकशी वर्दीतल्या माणसाने करायची नाही, बाहेरच्या न्यायाधीशाने करायची, आणि उघड्यावर करायची. वर्तमानपत्रवाले म्हणतात, द्वैभाषिक राज्याच्या गदारोळात तीन पोरांना जागा कुठली? मुंबई कोणाची यावर रान पेटलंय ते मलाही दिसतंय, मीसुद्धा सभेला जातेच. पण मुंबईची पोरं कोणाची, हेही कोणीतरी विचारायला नको का? शेवटी एक खासदार तयार झालेत, याच अधिवेशनात दिल्लीत प्रश्न विचारतो म्हणाले. पण मुलुंडचे विद्याधर वकील, जे आमचं काम फुकट बघताहेत, ते स्पष्ट बोलले. डोळ्यांनी पाहिलेला एकजण उभा राहिला तर प्रश्न टिकेल, नाहीतर मंत्री पुन्हा तीच जबानी वाचून दाखवतील आणि खाली बसतील. तू आता फौजेत नाहीस, दबावाखाली दिलेली जबानी फिरवता येते, असंही ते म्हणाले. वर्दीवाल्यांसमोर तुझं तोंड उघडणार नाही, ते मला कळतं. म्हणून तर बाहेरचा न्यायाधीश हवा. त्याच्यासमोर तरी उघड.

आता हे पत्र का, ते सांगते. तुला मुंबईला बोलवायला नव्हे. तुझे पाय निघणार नाहीत. म्हणून आम्हीच येतोय. काकांच्या मागोमागच्या बोटीने आई आणि मी निघतो. हो, आई. भाऊ गेल्यापासून जिने बोटीचं तिकीट कोणाला काढू दिलं नाही, ओकत ओकत घाटातून एस.टी.ने गाव गाठलं, ती काल आपणहून म्हणाली, ''पाण्याक भिऊन काय गावला माका? बोटीनच चल.'' मालवणला बोट लांब उभी राहते. तिथून होडी, आणि होडीतून शेवटी पाण्यात उतरून किनाऱ्याला यावं लागतं. आईला धरायला कोणीतरी हवं. काका म्हणतात, मी उभा राहतो. मी त्यांना नको म्हणून सांगितलंय. तू ये. गणपती घ्यायला जायचास तसा कमरेएवढ्या पाण्यात ये आणि हात लांब कर. तू काठावरच थांबलास तरी आई उतरेल, मी तिला उतरवीन, आणि न्यायाधीश मिळेपर्यंत आम्ही दोघी दारोदार फिरू, तुझ्यावाचून. पण तिने घरून निघताना अंत्याच्या ट्रंकेतला सदरा घ्यायला सांगितलाय. म्हणते, पाण्यात उभा राहिलेला पोरगा भिजेल, त्याला बदलायला कोरडं काहीतरी हवं.

तुझीच,
कुंदा