सम्यकचा दुपारचा डोस

सोम., ८ डिसेंबर
कुडव्यातली आमची बालवाडी सध्या वाहत्या नाकांवर चालते. मी इथली शिक्षिका, एम.ए. संस्कृतमध्ये, यंदाचा मुख्य विषय नासिका. आजारी मूल घ्यायचं नाही असा मोठ्या मॅडमचा नियम आहे. संस्था त्यांची, फाटकावरची नियमाची पाटीही त्यांचीच. पण त्या उगवतात साडेदहाला आणि आया येतात उजाडता उजाडता, त्यामुळे पाटी वाचून कुणी परत गेल्याचं स्मरत नाही.
आज प्रज्ञा आली. एस.टी.त कंडक्टर, गोंदिया–अर्जुनी मोरगाव. अंगात खाकी, कडेवर साडेतीन वर्षांचा सम्यक. गाल लालबुंद. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि वर गाडीही चुकली असती.

गुरु., ११ डिसेंबर
प्रज्ञानं फाटकाशी बाटली हातात दिली. सर्दीचं औषध. "घरी दिलं सकाळी. दुपारी जेवला की एक झाकण द्या जी मॅडम. पण कोणाले सांगू नोका."
"घरी ठेव एक दिवस."
"कोणाजवळ? सासू आमगावले, नणदेच्या बाळंतपणात. काल शेजारणीकडं ठेवला तं टीव्हीपुढं बसवून बाजारात गेली ते. सुट्ट्या सरल्या माह्या."
बाटली पर्समध्ये टाकली. दुपारी गडबडीत विसरले, उशिरा पाजलं. संध्याकाळी प्रज्ञानं विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. ती हसली, पण कसनुसं.
औषधानं पोरगं गुणी झालं. कोपऱ्यात बसून राहिलं. वर्ग शांत. वाईट वाटायला हवं होतं, शांतता आवडली.

शुक्र., १२ डिसेंबर
घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.
आज वेळेवर पाजलं. मग पोरं झोपली. उठायची वेळ झाली, सगळी उठली, सम्यक नाही. वाटलं, सोंग. गुदगुल्या केल्या. गालावर पाणी मारलं. हात उचलून सोडला तर सतरंजीवर नुसता पडला. तोंड उघडं, लाळ.
शेवंताबाई, आमच्या मदतनीस, वाकल्या. "काऊन जी, उठूनच नाही राहिला पोरगा?" मग एकदम खालीच बसल्या. "मॅडम, मी त्याले दवा पाजली. खिचडीच्या आधी. मायनं देल्ली होती बाटली. कोणाले सांगू नोको म्हणे."
मी पर्स उघडली. त्यांच्याकडच्या बाटलीसारखीच बाटली, तेच लेबल.
काल मला उशीर झाला, म्हणून आज प्रज्ञानं दोघींना सांगितलं. एकीवर विसंबून कसं राहायचं? आणि आम्ही दोघी कशा शहाण्या! तिच्या शब्दाला जागलो.
स्कूटी. मागे शे.बाई, मध्ये पोरगं, बाकीची पोरं मोठ्या मॅडमच्या गळ्यात. कुडव्याहून गोंदिया किती लांब आहे हे आज कळलं. शे.बाई सारख्या ओरडत होत्या, "सम्यक, ये बाबू, डोये उघड!" मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.
डॉक्टर: "दवा किसने दी?"
दोघी एकदम: "मैंने."
त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. "और सुबह?"
सकाळचं ठाऊक असणारी गाडीत होती. फोन लागेना, नवेगावच्या जंगलात रेंज नसते. पुन्हा पुन्हा लावला. लागला असता तर काय सांगायचं, हे ठरलं नव्हतं.
शेवटी अर्जुनीच्या स्टँडवर लागला. "उठून नाही राहिला," एवढंच बोलले. माझी सगळी भाषा तिथेच संपली.
लगेच निघणारी गाडी एकच होती, तिची. ड्यूटीवरचं दुसरं कुणी नाही. म्हणजे बाई स्वतःच्याच गाडीत तिकिटं देत देत आली. हात दाखवला की गाडी थांबवायची. म्हातारीला चढवायचं, सुट्टे द्यायचे, घंटी मारायची. नंतर म्हणाली, वाटेत कोहमाऱ्याच्या थांब्यावर एकानं "बाई, जरा हासून तिकीट द्या" म्हणून चेष्टा केली. दिलं हासून.
ती पोचायच्या आधी सम्यकनं डोळे उघडले. म्हणाला, "सू." कालिदासाच्या भाषेतही इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. पुन्हा झोपला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. श्वास बघायचा आहे म्हणाले.
ह्यांना सांगितलं नाही. भाजी अळणी झाली म्हणाले. झाली असेल.

शनि., १३ डिसेंबर
दवाखाना. प्रज्ञा स्टुलावर, काल घातलेली खाकी तशीच. पोरगं जागं, चिडचिडं. चिडचिड इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.
प्रज्ञाच म्हणाली, भिंतीकडे बघून: "सकाळी मी दोनदा देल्लं. पयल्यांदा थुकला असं वाटलं."
शे.बाई म्हणाल्या, "जाऊ दे ना वो बाई. पोरगा उठला ना."
"नसता उठला तं?"
शे.बाईंनी सम्यकची चादर ओढून नीट केली.
दुपारी डॉक्टरांनी सोडलं. मोठ्या मॅडमचा फोन: "शेवंताबाईंनीच दिलं ना? सोमवारपासून त्यांना नको बोलवायला."
"मीही दिलं."
"तुम्ही तर शिकलेल्या!"
"हो ना. आधी बाटली नीट हलवून घेतली होती."
फोन ठेवला त्यांनी. बहुधा दोघीही आहोत अजून नोकरीवर.

सोम., १५ डिसेंबर
झोपेच्या तासाला बसवत नाही. छाती वर-खाली होतेय का बघत फिरते. एक पोरगी जरा जास्त स्थिर वाटली, हलवून उठवली. मग दुसरं. मग सगळीच. रडारड.
पोरगी रागानं म्हणाली, "तुमीच झोपा ना मॅडम!"
घरी झोपायचा प्रयत्न करते. ह्यांचा श्वास ऐकत बसते. घोरतात ते बरं.

बुध., १७ डिसेंबर
आज सम्यक आला. स्वेटर, कानटोपी, नाक वाहतंय.
"औषध नाही देल्लं," प्रज्ञा आधीच म्हणाली. "ताप बी नाही. पाहा तुमी हात लावून."
कानटोपी वर करून कपाळाला हात लावला. गरम. पण मी स्कूटीवरून धुक्यातून आलेली, बोटं बधिर. मला फाटकही गरम लागलं असतं. शेवंताबाईंना हाक मारली. त्या भांडी घासत होत्या, हात पदराला पुसत आल्या, गालाला लावून पाहिलं. "मले नाही समजत जी. माहे हात बर्फ होऊन राहिले."
प्रज्ञानं स्वतःचा लावला. तिचाही गारच. ती बराच वेळ तसाच ठेवून उभी राहिली.
थर्मामीटर मोठ्या मॅडमच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे.
तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"सांगा जी मॅडम. तुमी म्हणाल तं घरी नेतो. पण लवकर सांगा."
सम्यकनं माझं बोट धरलं आणि आत ओढायला लागला.