जाळी न तपासणाऱ्या रेफरीचे मृत्युपत्र

मी, शालिकराम नथ्थूजी हेडाऊ, वय ७४, निवृत्त पी.टी. मास्तर, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते लिहीत आहे. गुडघ्यांनी दगा दिला आहे. डोके शाबूत आहे आणि त्याचाच जास्त त्रास आहे.

१. राहते घर पत्नी वच्छला हिचे. तिच्या पश्चात मुलगा अभिजीत व मुलगी दामिनी यांना निम्मे-निम्मे. दामिनी सासरी गेली म्हणून अभिजीतने तिच्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागू नये.

२. बँकेतील ठेव वच्छलेची. तिने त्यातून आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. मी दोनदा ते पुढे ढकलले.

३. धाकटा भाऊ देवराव यास काही नाही. वडिलांचा हातमाग त्याने मला न विचारता सरपणात काढला. मीही त्याला विचारत नाही.

४. माझी रेफरीची शिट्टी व कार्डे आठवण म्हणून कोणीही ठेवू नयेत. कारण पुढे लिहितो.

५. सन २००९ मध्ये पूर्व विभाग फुटबॉल लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनचा शेवटचा सामना माझ्याकडे होता. विणकर स्पोर्टिंग एका गोलने मागे होते; बरोबरी झाली असती तर ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले नसते. सामन्याआधी रेफरीने दोन्ही गोलांच्या जाळ्या हाताने ओढून पाहायच्या असतात. त्या दिवशी मी आयोजकांसोबत तर्री-पोहे खात बसलो. शेवटी विणकरचा चेंडू गोलात शिरला आणि जाळीच्या भोकातून बाहेर गेला. मी गोल दिला नाही.

त्यांचा कर्णधार जितेंद्र पराते, माझाच जुना विद्यार्थी. त्याने माझे मनगट धरले. "सर, या न इकडं. तुम्हीच पाहा भोक."

भोक मला उभ्या जागेवरून दिसले होते. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली. अहवालात मी लिहिले की जाळ्या तपासल्या होत्या आणि कर्णधाराने माझ्यावर हात उचलला. त्याला आजन्म बंदी झाली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

आता त्याची मुलगी खुशी त्याच लीगच्या मुलींच्या गटात खेळते. तिच्या संघाला तोच शिकवतो, पण सामन्याच्या दिवशी त्याला मैदानात पाय ठेवता येत नाही. कुंपणाबाहेरून ओरडून सांगतो. मी हे तीनदा पाहिले आणि तीनदा तोंड लपवून घरी आलो.

सबब, त्याची बंदी उठावी म्हणून माझा कबुलीजबाब माझ्या मृत्यूनंतर लीगकडे पाठवावा.

६. वरील शेवटचे वाक्य रद्द समजावे. ते वाचून दामिनी म्हणाली, "म्हणजे त्यानं तुमच्या मरनाची वाट पाहावी का, बाबा?"

काल मीच लीगच्या कार्यालयात जाऊन कबुलीजबाब दिला. सचिव तरुण आहे. त्याने विचारले, "कोनती मॅच, काका?" मग कागद घेतला आणि समितीपुढे ठेवतो म्हणाला.

तिथून जितेंद्रच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "माह्या मायले सांगाले पाह्यजे होतं, सर. मरेपर्यंत मले म्हने, 'मास्तर काहून खोटं बोलतीन? कबूल कर गा, बापू.' तीन वर्षं झाले तिले जाऊन."

तिचे नाव पार्वतीबाई. तिला देण्याजोगे माझ्या मिळकतीत काहीही नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी दामिनीने करावी.

सही : शालिकराम नथ्थूजी हेडाऊ

लिहून देणाऱ्यांनी आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत :
१. वंदना निनावे, शेजारी (सही)
२. कुशल धकाते, माजी विद्यार्थी (सही)

ठिकाण : नागपूर
दिनांक : ९ डिसेंबर २०२५